कुळागरातल्या जळाऊ लाकडासाठी दोन-तीन चेनसॉ: कोणतं घ्यावं, कसं वापरावं

ज्यांच्या न्हाणीत अजून लाकडावर पाणी तापतं, ज्यांचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत आहे आणि मार्चमध्ये ज्यांच्याकडे काजूची फेणी गाळायची भट्टी पेटते, त्यांनी दोन चेनसॉ, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवती ठेवाव्यात. तिसरी परवडली तर तीही घ्यावी. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बऱ्याच बागायतदारांकडे एकच मशीन असतं, तेही दुकानातलं मोठ्यात मोठं. मनगटाएवढ्या फांदीपासून फणसाच्या बुंध्यापर्यंत सगळं त्यावरच चालतं. बारसकट (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) सात-आठ किलोचं धूड हातात घेऊन फांद्या छाटणारा माणूस दुपारपर्यंत गळून जातो, आणि दमलेल्या हातात चालू चेन असणं यासारखा दुसरा धोका या कामात नाही. पुतण्या आता माझ्याबरोबर काम शिकतोय. त्याला जे सांगतो तेच इथे लिहितो.

आधी परवानगीचं. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार आपल्याच जमिनीतलं झाड पाडायचं असलं तरी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. मशीन आपलं आणि जमीन आपली म्हणून झाड लगेच आडवं करता येत नाही. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर टेम्पो भरण्याआधी वाहतुकीच्या पासाचंही त्याच कार्यालयात विचारून घ्या. मी पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः पडलेल्या, वाळलेल्या किंवा परवानगीने तोडलेल्या झाडाचे तुकडे करण्याबद्दल आहे.

कोणतं मशीन आधी घ्यायचं

पहिलं मधलं घ्या. ४५ ते ५० सीसीचं इंजिन आणि १६ किंवा १८ इंची बार. काजू, अकेशिया, किंदळ यांचे रोजचे ओंडके यावर आरामात निघतात. बारच्या लांबीपेक्षा जाड ओंडकाही दोन्ही बाजूंनी कापत आलं तर तुटतो, त्यामुळे उगाच लांब बारच्या मागे लागू नका. बार जितका लांब, तितकं इंजिनावर ओझं आणि तितकी धार लावायला दातांची संख्या जास्त.

दुसरं छोटं घ्या. ३० सीसीच्या आसपास, १४ इंची बार, वजन चार किलोच्या घरात. पाडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवणं, न्हाणीसाठी बारीक लाकडं कापणं ही कामं त्याची. लाकडाच्या कामात बुंधा कापायला लागतो त्याहून जास्त वेळ फांद्यांत जातो. काजूचं झाड तर बुंध्याला आखूड आणि फांद्यांनीच पसरलेलं असतं. म्हणून या छोट्या मशीनला दुय्यम समजू नका. माझं सगळ्यांत जास्त चालणारं मशीन हेच आहे.

तिसरं म्हणजे ७० सीसीचं, २० ते २५ इंची बारचं. ते रोज लागत नाही. पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा गोवाभर झाडं रस्त्यांवर, घरांवर, विजेच्या तारांवर पडली होती. तसा जुना आंबा किंवा फणस कुळागरात पडला की छोट्या मशीनने त्याच्या बुंध्याशी झटापट करत बसणं म्हणजे इंजिन जाळणं. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून असं एक मोठं मशीन घेतलं तरी चालतं. अट एकच, ते सांभाळायची जबाबदारी एकाच घराकडे असावी.

विजेवर चालणारं, वायरचं मशीन घराजवळच्या खोपीत छान चालतं. धूर नाही, आवाज कमी, दोरी ओढायची भानगड नाही. मात्र पावसाळ्यात लाइट जाते आणि ओल्यात वायर ओढत नेणं चुकूनही करू नये, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

विकत घेताना डब्यावरचा सीसीचा आकडा पाहून भुलू नका. वाळपईत, फोंड्यात किंवा म्हापशात, जिथे तुम्ही नेहमी जाता तिथे त्या मशीनची चेन, बार, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), एअर फिल्टर आणि कार्बोरेटरचा पडदा मिळतो का, हे आधी विचारा. दुरुस्ती करणारा माणूस कोण आहे ते विचारा. स्वस्तातलं बिनानावाचं मशीन वर्षभर चालतं आणि मग पाच-पन्नास रुपयांच्या रबरासाठी कोपऱ्यात पडून राहतं.

चेनचे तीन आकडे

एकाहून जास्त मशिनं आली की पहिला गोंधळ चेनचा होतो. दिसायला सगळ्या सारख्याच, पण एकीची चेन दुसरीला बसेलच असं नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर, त्याच्या निम्मं. छोट्या मशीनला बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (बुटक्या दातांची), मधल्याला ०.३२५ इंच आणि मोठ्याला पूर्ण ३/८ असतं. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. ड्राइव्ह लिंक म्हणजे ती पातीच, ती मोजायची. हे आकडे बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. ते वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात जाऊन ‘अठरा इंचाची चेन द्या’ म्हटलं तर चुकीची चेन घेऊन घरी येण्याची पूर्ण शक्यता.

पिच बदललं की कानसही बदलते. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमीची गोल कानस, ०.३२५ ला ४.८ मिमीची, आणि पूर्ण ३/८ ला चेन बनवणाऱ्याप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमीची. मी प्रत्येक मशीनला एक रंग दिलाय. छोट्याला पिवळा, मधल्याला तांबडा, मोठ्याला निळा. त्याच रंगाचा ठिपका कानशीच्या मुठीवर, जादा चेनच्या डब्यावर आणि पान्यावर. संध्याकाळी अंधारात, हात तेलाने माखलेले असताना पुतण्याही बरोबर तीच कानस उचलतो.

एका मशीनला किमान तीन चेन ठेवा. एक मशीनवर, एक धार लावलेली, एक धार लावायची. त्यामुळे बोथट चेनवर जोर देत बसण्याची पाळी येत नाही. चेन धारदार असेल तर ती स्वतःहून लाकडात उतरते आणि ढलप्या पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, मशीन दाबावं लागलं, किंवा काप एका बाजूला वळायला लागला, की तिथेच थांबायचं.

धार लावताना मशीन बंद, चेन घट्ट, बार एखाद्या खोडात नीट अडकवलेला. कानस पुढे ढकलतानाच घासायची, मागे आणताना उचलायची. बहुतेक चेनवर ३० अंशाची खूण दातावरच असते, तिच्या रेषेत जायचं. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक दाताला घासे सारखेच द्यायचे, कारण दोन बाजूंचे दात लहानमोठे झाले की काप वाकडा जातो. तीन-चार वेळा धार लावल्यावर दातापुढची जी छोटी उंची असते, खोली ठरवणारी, ती पट्टी ठेवून तपासा आणि चपट्या कानशीने उतरवा. दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावी. ही उंची कोणी बघत नाही, आणि मग ‘धार लावली तरी कापत नाही’ म्हणून चेनला शिव्या देतात. उलट ती जास्त उतरवली तर मशीन उडी मारतं, तेही धोक्याचं.

चेन बदलताना बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, आणि त्याच वेळी खाचेतला चिखल व तेलाचं भोक साफ करा.

पेट्रोल एकच, डबा एकच

तिन्ही पेट्रोल मशिनांसाठी पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण एकच ठेवा, नाहीतर कधीतरी गफलत होणारच. आजच्या बहुतेक मशिनांना चांगल्या टू-स्ट्रोक तेलाबरोबर ५० ला १ चालतं: एका लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. मशीनच्या पुस्तिकेत २५ ला १ लिहिलं असेल तर तेच पाळा आणि त्याचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा. तेल अंदाजाने ओतू नका. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज या कामाला उत्तम.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत पाण्याशिवाय असतं काय. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, तेल वर राहतं, आणि मशीनच्या पोटात बिनतेलाचा थर जातो. पिस्टन तिथेच चरे धरतो. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. उरलं तर ते पुढच्या हंगामाला ठेवू नका.

बारच्या तेलाबद्दल मी हट्टी आहे. गाडीचं काढलेलं काळं तेल घालणारे पुष्कळ आहेत. त्यात धातूचा कीस असतो, त्याने बार आणि पंप झिजतो, आणि ते सगळं तेल शेवटी लाकडाच्या भुशातून आपल्या कुळागराच्या मातीत आणि पाटाच्या पाण्यात उतरतं. त्या पाण्यावर पोफळी, मिरवेली आणि खालच्या वाड्यातली माणसं जगतात. बारचं चांगलं चिकट तेल विकत घ्या. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी तेलाचीही भरा. खोबरेल मात्र नको, डिसेंबर-जानेवारीत सत्तरीतल्या पहाटेला ते थिजतं.

अडकलेलं मशीन सोडवणं

दोन मशिनं हवीत यामागचं माझं सगळ्यांत मोठं कारण हे आहे. कुळागर उतारावर असतं. ओंडका कुठे दगडी गडग्यावर टेकलेला, कुठे खड्ड्यावर अधांतरी. काप अर्ध्यावर आला की लाकूड मिटतं आणि बार आत चिमटला जातो. एकच मशीन असेल तर माणूस काय करतो? रेस देतो, हिसके मारतो, बार वाकवतो.

तसं होऊ नये म्हणून कापण्याआधी ओंडक्याकडे नीट बघा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापा आणि मग खालून वर कापत येऊन काप मिळवा. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लोंबत असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. दाबाची बाजू आधी, थोडीच. ताणाची बाजू नंतर, तुटेपर्यंत. वरून काप खोल गेला की त्यात लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचर नको, चेन तिला लागली की दात गेले.

तरीही अडकलंच तर इंजिन लगेच बंद करा. पाचर ठोकून किंवा लोंबणाऱ्या टोकाखाली बांबूचा दांडा घालून ओंडका उचलून बघा. सुटलं नाही तर दुसरं मशीन आणा आणि अडकलेल्या बारपासून हातभर लांब नवा काप घ्या, म्हणजे दोन चेनची गाठ पडणार नाही. वजन उतरलं की पहिला बार आपोआप मोकळा होतो. दुसरं मशीन दूर असेल तर आणखी एक उपाय: बारच्या दोन नटा सोडून इंजिन वेगळं करा, बार आणि चेन लाकडातच राहू द्या, आणि त्याच इंजिनावर जादा बार-चेन चढवून काम करा. यासाठी एक जादा बार कायम पिशवीत ठेवावा.

उतारावर नेहमी ओंडक्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. कापलेला तुकडा खाली घरंगळतो. खाली कोणी पाणी लावत नाही ना, हे हाक मारून पाहा.

झाडाप्रमाणे

काजूचं लाकूड ओलं असताना चीक सोडतं, तो बारवर आणि स्प्रॉकेटच्या झाकणाखाली भुशाबरोबर घट्ट बसतो. दिवस संपला की झाकण उघडून तो खरवडा, सुकल्यावर निघत नाही. चीक कातडीलाही बरा नाही. खोडकिड्याने मेलेला काजू बागेत उभा ठेवू नका. किडा शेजारच्या झाडांत जातो. असं झाड परवानगी घेऊन काढा आणि त्याचा बुंधा-मुळं प्रथम भट्टीत घाला.

अकेशिया सरळ, कापायला सोपी, फोडायलाही बरी. नवख्याने तिच्यावर हात बसवावा. किंदळ, जांभा ही लाकडं जड आणि कठीण, त्यांना ताजी धार लावूनच हात घाला. माड आणि पोफळ यांच्यासाठी मी झिजलेली जुनी चेन वेगळी ठेवतो. त्यांचे धागे स्प्रॉकेटमध्ये गुंततात, बाहेरची साल चेन लवकर बोथट करते, आणि जळण म्हणून मिळतं ते फार नाही.

कुंपणालगतच्या झाडात जुनी तार किंवा खिळा लाकडाने गिळलेला असतो. कापताना लाकडात निळसर काळा डाग दिसला तर लोखंड जवळ आहे असं समजा आणि जागा बदला. जमिनीला लागून कधीच कापू नका. आपल्या तांबड्या चिऱ्याच्या मातीला चेन एकदा टेकली की सगळी धार गेली. ओंडक्याखाली आधी दोन आडवी लाकडं सरकवा.

जिवाची काळजी

पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. ती दिसते तोवर ती लागलेली असते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. फांद्यांच्या गर्दीत हे टोक कुठे आहे, यावर सतत लक्ष हवं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीभोवती पूर्ण वळलेला, दोन्ही हात मशीनवर, शरीर बारच्या रेषेतून बाजूला. खांद्याच्या वर कापू नका. शिडीवर किंवा झाडावर चढून कापू नका, त्यासाठी वेगळं शिक्षण आणि दोर लागतात. सुरू करताना मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत पाय.

हेल्मेट, जाळीचा चेहरा-रक्षक, कानाला मफ, जाड बूट. मांडीवर घालायच्या संरक्षक चॅप्स आपल्या उकाड्यात नकोशा वाटतात हे मला कळतं. म्हणून काम सकाळी लवकर करावं, पण चॅप्स घालाव्यात. त्यांच्यातले धागे स्प्रॉकेटमध्ये अडकून चेन जागीच थांबवतात. लुंगी, टॉवेल, स्लिपर घालून मशीनला हात लावणाऱ्याला मी कुळागरात येऊ देत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

दोन मशिनं म्हणजे दोन माणसं एकाच वेळी कापणार, असं समजू नका. झाड पाडत असताना त्याच्या उंचीच्या अडीचपट अंतरात दुसरं कोणी असता कामा नये. तुकडे करतानाही एकाने कापावं, दुसऱ्याने मशीन बंद असताना लाकूड ओढावं. कानाला मफ असल्यामुळे हाक ऐकू येत नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. एकट्याने रानात जाऊन कापू नका.

गेल्या वर्षीची रास हलवताना आधी लांब काठीने ठोका. फुरसं, घोणस, मण्यार यांना लाकडाखालची ऊब आणि उंदीर दोन्ही आवडतात. पोफळीच्या बागेत चापडा साप फांदीच्याच रंगाचा असतो. आंब्यावर हुमल्यांचं, म्हणजे तांबड्या मुंग्यांचं घरटं असेल तर आधी ती फांदी बघून घ्या. मशीन हातात असताना अंगावर मुंग्या चढल्या तर माणूस काय करेल सांगता येत नाही.

वाळवणं आणि पावसाळा

लाकूड दिवाळीनंतर कापायला घ्या आणि शिमग्याच्या आत संपवा. कापलेलं लगेच फोडा, कारण सालीसकट गोल ओंडका आतून वाळत नाही. न्हाणीसाठी मी दीड फुटाचे तुकडे करतो. भट्टीला लांब आणि जाड लाकूड लागतं, कारण भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली जाळ एकसारखा राहिला पाहिजे, बारीक लाकूड भडकतं आणि विझतं. म्हणून न्हाणीची रास छोट्या मशीनची आणि भट्टीची मधल्याची, अशी कामं आपोआप वाटली जातात. रास जमिनीपासून चिऱ्यांवर उचललेली, मधून वारा जाईल अशी, वरून झाकलेली आणि बाजूंनी उघडी ठेवा. मेच्या अखेरीस खोपीत घ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की ठणठणीत आवाज यावा, टोकाला चिरा दिसाव्यात.

मशिनांचंही तसंच. जी पावसाळाभर लागणार नाहीत त्यांची टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. एअर फिल्टर धुवा, चेन काढून तेलात भिजवून डब्यात ठेवा, बार पुसून तेल लावा. रोजचं काम संपल्यावरही चेन थोडी सैल करायची असते, कारण गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आखडते आणि इंजिनाच्या दांड्यावर ताण येतो. मधलं मशीन मात्र पावसाळ्यात तयार ठेवा, ताज्या पेट्रोलसह. वाटेवर झाड पडतं ते नेमकं जुलैतच.

पेट्रोलचा डबा आणि मशिनं चुलीच्या, न्हाणीच्या किंवा भट्टीच्या खोलीत ठेवायची नाहीत. माळ्यावर कोरडं राहतं म्हणून चुलीवरच्या माळ्यावर मशीन ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. गोठ्याच्या बाजूची, हवा खेळती असलेली, कुलपाची खोली त्यासाठी बरी.

शेजारी मशीन मागायला येतातच, आणि नाही म्हणणं आपल्या गावात जमत नाही. मी मशीन देत नाही, मशीनबरोबर मी किंवा पुतण्या जातो. छोटं नेऊन फांद्या उतरवायच्या, मधलं नेऊन तुकडे करायचे, आणि जाताना धार लावलेली जादा चेन व दोन पाचरी पिशवीत टाकायच्या.